डाव्याचा उजवा कोण करतं?

त्या कारखान्यात तिला सगळे खात्रीताई म्हणत. सकाळी घरून निघताना कुलूप लावलं की ती ते तीनदा ओढून बघायची, मग जिना उतरायची, पुन्हा वर जाऊन चौथ्यांदा ओढायची. नवरा खालून ओरडायचा, "अगं, एखाद्या दिवशी तूच तोडशील ते कुलूप. चोराला काही कामच उरणार नाही!" कोणी सहज "बरी आहेस ना?" असं विचारलं, तरी याला आजच माझी आठवण का झाली, हा विचार तिच्या मनात आधी येई. मनाने वाईट नव्हती हो. कुठलीही गोष्ट आपोआप होते, एवढंच तिला कधी पटलं नाही.

कारखाना म्हणजे चार खोल्या. दुकानात मिळत नाहीत असे बूट तिथे बनत. कोणाचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड असला, तर त्या पायाच्या बुटाला जाड तळ लावायचा, म्हणजे माणूस सरळ चालतो. पहिल्या खोलीत मापवाला गिऱ्हाइकाला कागदावर उभं करून पेन्सिलीने दोन्ही पावलं गिरवायचा, आखूड पायावर फुली मारायचा आणि बाजूला आकडे लिहायचा. दुसऱ्या खोलीत खात्रीताई तो कागद बघून संगणकात नोंद करायची आणि चिठ्ठी छापायची. चिठ्ठी तिसऱ्या खोलीत मामांकडे जायची. मामा नात्याने कोणाचेच मामा नव्हते. अडतीस वर्षं एकाच पाटावर बसून कलबुतावर, म्हणजे पावलाच्या आकाराच्या लाकडी साच्यावर, कातडं ताणणारे कारागीर होते ते. चौथी खोली मालकीणबाईंची.

नोंदीचा फॉर्म खात्रीताईने स्वतः बनवला होता. रविवारच्या एका वर्गात सहा महिने जाऊन ती हे शिकली. फॉर्मवर लिहायच्या चौकटी असतात, निवडायच्या याद्या असतात, बटणं असतात. प्रत्येकाचे गुणधर्म ठरवून द्यायचे: रंग कोणता, वर काय लिहिलेलं, दिसायचं की लपून राहायचं, दाबता यायचं की नाही. प्रोग्रॅम मग गप्प बसून वाट बघतो. कोणी बटण दाबलं, अक्षर टंकलं, यादीतून काही निवडलं, की ती झाली घटना. त्या घटनेसाठी जे लिहून ठेवलं असेल तेवढं तो करतो आणि पुन्हा गप्प बसतो.

"म्हणजे कोणीतरी काही केल्याशिवाय इथे पान हलत नाही," ती वर्गातल्या बाईंना म्हणाली होती.

"अगदी बरोबर."

जगात एवढी तरी जागा भरवशाची निघाली म्हणून ती त्या दिवशी फार खुशीत घरी आली होती.

तिचा फॉर्म होताही तसाच कडक. गिऱ्हाइकाचं नाव लिहिल्याशिवाय 'जतन करा' हे बटण राखाडीच राहायचं, कितीही दाबा. कोणत्या बुटाला जाड तळ लावायचा त्यासाठी दोनच नावांची यादी: वर डावा, खाली उजवा. चुकीचं टंकायला वावच नाही. मापवाल्याची जाडजूड वही या फॉर्ममुळे बंद झाली, आणि ते त्याने मनात धरलं आहे असं खात्रीताईला पक्कं वाटे. येता-जाता तो विचारायचाच, "काय ताई, तुमचं यंत्र जेवलं का आज?"

"जेवलं. तुमच्यापेक्षा कमीच खातं," ती मान वर न करता म्हणायची.

आणि मग एका महिन्यात तीन जोड परत आले.

तिसरा जोड टपाल वाटणाऱ्या एका बाईंचा होता. मंगळवारी त्या बूट घालून दोन पावलं चालल्या आणि भिंत धरून उभ्या राहिल्या. डावा पाय आखूड, आणि जाड तळ उजव्याला! दोन बोटांचा फरक होता तो चार बोटांचा झाला. आधीच्या दोन जोडांतही हेच झालं होतं.

मालकीणबाईंनी मामांना बोलावलं. आवाज चढवला नाही त्यांनी, पण तेच जास्त लागलं.

"मामा, कागदावर डाव्या पायावर फुली आहे. तुम्ही उजवा केलात. तीन वेळा."

"चिठ्ठीत उजवा होता."

"कुठे आहे चिठ्ठी?"

मामांकडे ती नव्हती. ते चिठ्ठी कलबुताला खळीने चिकटवायचे आणि बूट उतरला की टराटरा फाडून टाकायचे. अडतीस वर्षांची सवय.

"चिठ्ठी संगणकातून येते मामा, ती कशी चुकेल? डोळे थकले तुमचे. त्यात लाजण्यासारखं काही नाही. शनिवारी पाट मोकळा करा. घरी बसा आता आरामात."

"आराम करून काय करू?" मामा म्हणाले. पण ते इतक्या हळू, की दारात उभ्या असलेल्या खात्रीताईलाच काय ते ऐकू आलं.

ती तशीच खुर्चीवर येऊन बसली आणि टपालवाल्या बाईंची नोंद उघडली. नोंदीत उजवा होता. बाकीच्या दोन उघडल्या. उजवा, उजवा.

म्हणजे मामांनी बरोबर वाचलं होतं. कागद तर तिने स्वतः दोनदा बघून भरले होते, आणि तिन्ही वेळा डावाच निवडल्याचं तिला लख्ख आठवत होतं. मग कोणीतरी नंतर बदललं. तेही डाव्याचा उजवा करून. उजव्याचा डावा एकदाही नाही. चूक अशी एकाच बाजूला झुकत नाही, मुद्दाम फिरवलेला हात झुकतो. कोणाचा? ती जेवायला गेली की तिच्या खुर्चीत कोण बसतं? वही कोणाची बंद झाली? तिला उत्तर शोधावंही लागलं नाही.

खरं तर तिने त्याच पावली मालकीणबाईंना नोंदी दाखवायला हव्या होत्या. पण आत्ता बोभाटा केला तर मापवाला सावध होईल, असं तिला वाटलं. शनिवारला चार दिवस होते. तेवढ्यात त्याला रंगेहाथ पकडायचं, असं तिने ठरवलं. मामा पलीकडच्या खोलीत कातडं टोचायची एकेक आरी पुसून फडक्यात गुंडाळत होते. ती तिकडे फिरकलीच नाही.

बुधवारी सकाळी तिने फॉर्मवर एक नवी चौकट ठेवली आणि 'दिसणे' हा गुणधर्म बंद करून ती लपवली. पाय निवडायच्या यादीत काहीही बदललं, की ती घटना धरून वेळ, आधी काय होतं आणि आता काय आहे, हे सगळं त्या चौकटीत गुपचूप लिहिलं जावं, अशी सोय केली. मग दुपारी डबा घेऊन निघाली आणि दाराबाहेर भिंतीला चिकटून उभी राहिली.

मापवाला आला. तिच्या खुर्चीत बसला. पंखा आपल्याकडे वळवून घेतला. चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला, डोळे मिटले आणि घोरायला लागला.

सोंग असेल, तिने मनात म्हटलं.

गुरुवारीही तेच. जेवणाची वेळ संपल्यावर तिने लपलेली चौकट उघडली. जेवणाच्या वेळची एकही ओळ नव्हती. पण वरच्या बाजूला दोन ओळी एकमेकींना खेटून होत्या. अकरा वाजून बारा मिनिटं, चाळीस सेकंद: रिकामं होतं, डावा झाला. अकरा वाजून बारा मिनिटं, चव्वेचाळीस सेकंद: डावा होता, उजवा झाला.

अकरा वाजता त्या खुर्चीत ती होती. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. सकाळची ती चिठ्ठीही मामांकडे गेली होती.

आयुष्यभर सगळ्यांवर ठेवलेली नजर तिने पहिल्यांदा स्वतःच्या हातावर ठेवली. तोच कागद पुढे घेतला आणि सगळं पुन्हा, सावकाश केलं. नाव लिहिलं. माप लिहिलं. यादीतून डावा निवडला. शेरा काही नव्हता. आणि हात आपसूक माउसच्या चाकावर गेला. मागच्या महिन्यात शेऱ्यासाठी मोठी चौकट घातल्यापासून 'जतन करा' हे बटण पडद्याच्या खाली गेलं होतं. चाक फिरवून फॉर्म वर सरकवल्याशिवाय ते दिसायचं नाही. तिने चाक एक टिचकी फिरवलं.

फॉर्म हलला नाही. यादी हलली. निवड अजून यादीतच अडकली होती, म्हणून पहिली टिचकी यादीने घेतली आणि डाव्याखालचा उजवा पुढे केला. दुसऱ्या टिचकीला फॉर्म सरकला, आणि यादी तो उजवा घेऊन वर, नजरेआड गेली. शेरा लिहायचा असला की ती आधी त्या चौकटीत जायची, त्यामुळे यादी सुटायची. म्हणून रोज घडत नव्हतं. आणि उजव्याच्या खाली काही नव्हतंच, म्हणून उजव्याचा डावा कधी झाला नाही.

ती उठली. मामांच्या कलबुतावरची सकाळची चिठ्ठी आधी काढून आणली आणि मालकीणबाई, मामा आणि मापवाला, तिघांनाही आपल्या टेबलापाशी बोलावलं. मालकीणबाईंच्या हातात माउस देऊन म्हणाली, "तुम्हीच फिरवा."

मालकीणबाईंनी चाक फिरवलं, बघितलं, पुन्हा फिरवलं. "म्हणजे संगणक चुकला."

"नाही. त्याने घडलं त्याप्रमाणे केलं. फॉर्म माझा, चाक मी फिरवलं. मामांनी चिठ्ठी बरोबर वाचली होती."

"तुम्हाला हे कळलं कधी?"

"कसं झालं ते आज. नोंदीत उजवा आहे हे... मंगळवारी."

मग मापवाल्याने ती लपवलेली चौकट वाकून नीट बघितली. "ही पेटी माझ्यासाठी होती ना, ताई?"

"हो."

"तरीच! दोन दिवस दाराबाहेर सावली दिसत होती. म्हटलं, माझं घोरणं आवडायला लागलं की काय हिला." तो हसला, पण पुरतं हसला नाही.

मालकीणबाई मामांकडे वळल्या. "मामा, पाट तुमचाच आहे. मी चुकले."

मामांच्या हातात आऱ्यांचं गाठोडं होतं. त्यांनी ते सोडलं नाही. "बसतो. पण चिठ्ठी नको मला. मापाचा कागद पाहिजे. त्यावर अंगठा कुठल्या अंगाला आहे ते दिसतं. फुली दिसते."

"कागद फाइलला लागतो," मालकीणबाई म्हणाल्या.

"मग बूट झाल्यावर लावा."

खात्रीताईने त्याच संध्याकाळी बटण फॉर्मच्या माथ्यावर नेलं आणि यादीला चाकाकडे लक्षच देऊ नकोस असं सांगून ठेवलं. मग टपालवाल्या बाईंचा कागद घेऊन तिसऱ्या खोलीत गेली. मामा पाटावर होते, गाठोडं उघडलेलं. त्यांनी कागद उजेडाकडे धरला, अंगठ्यावरून बोट फिरवलं, फुलीवर थांबवलं.

"डावा," ते म्हणाले. आणि मग तिच्याकडे न बघता, "मंगळवारीच सांगायचंस ना गं. दोन रात्री डोळे तपासत बसलो मी, एकेक झाकून."

मामांनी चुकलेला बूट मांडीत घेतला आणि उजव्याचा जाड तळ उकलायला सुरुवात केली. ती उभी होती ते बघून थोड्या वेळाने म्हणाले, "उभी काय राहिलीस? दुसरं टोक धर."