नऊ जुने फोन

गेल्या मंगळवारी सकाळी सहा वाजता शिवाजी पेठेतल्या आमच्या गल्लीतल्या बायकांवर अन्याय झाला, आणि तो मी केला. टँकर कुठे थांबणार याचा नकाशा मी आमच्या मंडळाच्या वेबपेजवर टाकला होता. त्यांच्या फोनांवर तिथे नुसता पांढरा चौकोन दिसला. बायका घागरी घेऊन भलत्याच कोपऱ्यावर उभ्या राहिल्या आणि टँकर निघून गेला.

"फोन बदला," तक्रार घेऊन आलेल्या बायकांना मी म्हणालो.

"मग घिऊन दे की नवा!" एक काकू ओरडल्या, आणि सगळ्याजणी चौकात फ्लेक्स छापणाऱ्या आणि आमचं वेबपेजही सांभाळणाऱ्या बाईंकडे गेल्या. मीही भांडायला मागोमाग गेलो.

बाईंच्या टेबलावर गिऱ्हाइकांनी आपणहून आणून दिलेले नऊ जुने फोन होते, प्रत्येकात वेगळा ब्राउझर. काच पदराने पुसत, कसलीही घाई न करता, त्यांनी एकेकावर माझा नकाशा उघडला. पाचांवर तो दिसलाच नाही.

"माझ्या फोनवर झकास दिसतंय," मी म्हणालो.

"पावणं, तुमच्या फोनात बघून पाणी भरणार हाय व्हय समदी गल्ली?"

बायका खदाखदा हसल्या. जुन्या ब्राउझरला माझा रेघांनी काढलेला नकाशा उघडता आला नाही तर त्या जागी त्याचा साधा फोटो दिसेल, अशी सोय बाईंनी तिथल्या तिथे केली. गुरुवारी सगळ्यांच्या घागरी भरल्या.

मी इतकी वर्षं गल्लीत मंडळाची पत्रकं वाटतोय, पण आपला फोन इतक्या विश्वासाने कुणी माझ्या हातात दिला नाही. मला त्या बाईंचा हेवा वाटतो, अजूनही वाटतो.

लोकांसाठी पेजवर काही टाकणार असाल, तर आधी उठा, शेजारणीचा जुना फोन मागा आणि तिच्यासमोर ते उघडून दाखवा.