मिठाचा वास

मी चौथी शिकलेली. एमआयडीसीत टॉवेलच्या कडा शिवण्यात उमर गेली. डोळे थकल्यावर घरी बसले, पण बसवेना. म्हणून एका स्थानिक पेपरला आमच्या गल्लीत नळाला पाणी किती दिवसांनी येतं ते लिहून पाठवलं. त्यांनी छापलं. तेव्हापासून त्यांच्यासाठी लिहिते. नोकरी नाही. विषय मीच शोधायचा, आवडला तर छापतात. बायकांच्या भिशीतली भांडणं लिहिली, कडक भाकरी कशी करतात ते लिहिलं, माग बंद पडलेले पुरुष दिवसभर कुठं बसतात तेही लिहिलं. त्यावर दोघे घरी येऊन ओरडून गेले.

कशाने हबकणारी बाई मी नाही. पण आक्कांनी मला हबकवलं.

आक्का माझ्या शेजारच्या. गल्लीत दत्ताचं लहान देऊळ आहे. दत्तजयंतीच्या दुसऱ्या दिवशी तिथं महाप्रसाद असतो. भात, वांग्याची भाजी, गव्हाची हुग्गी म्हणजे खीर, आणि मोठी काहीलभर आमटी. आमटी आक्कांची. त्यांच्या आधी त्यांच्या सासूची होती. देवाला दाखवायच्या आधी कुणी चव घेतली तर ते उष्टं होतं. आमच्याकडे नैवेद्य ताटात वेगळा काढत नाहीत. पुजारी येतो, काहिलीत तुळशीचं पान टाकतो, की लगेच पंगत बसते. म्हणजे मीठ न चाखता बरोबर पडायला हवं. आक्कांचं कधीच चुकलं नाही. सगळी गल्ली सांगायची, आक्का वासावर मीठ ओळखतात. भाजी आणि हुग्गी बायका घरून करून आणायच्या. आमटीच्या चुलीला मात्र चारी बाजूंनी कापडी कनात लावलेली असायची, आत फक्त आक्का.

दोन वर्षांपूर्वी मी ते लिहिलं. वासावर मीठ ओळखणारी बाई. लोकांना इतकं आवडलं की पेपरवाले म्हणाले, यंदा व्हिडिओ करू. देवळाच्या समितीचा अध्यक्ष तर हरखलाच. त्याने सांगितलं की यंदा कनात एका बाजूने उघडी ठेवायची, सगळ्यांना बघू दे.

महाप्रसादाच्या दिवशी सकाळी मी आक्कांकडे वांगी चिरायला गेले. त्यांनी दाराला कडी लावली.

"तुला मिठाचा वास येतो का गं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, मला कशाला येईल, तुमच्यासारखं नाक कुठं माझं.

"मला बी येत न्हाय," त्या म्हणाल्या. "कुणालाच येत न्हाय. मिठाला वास असतो व्हय?"

मी हातातलं वांगं पाण्यात टाकलं. मी उठले, डब्यातलं मीठ मुठीत घेतलं आणि नाकाला लावलं. काही नाही. सत्तर वर्षं मीठ हाताळलं आणि एकदाही हुंगून बघितलं नव्हतं. वर त्याच्यावर लेख लिहिला.

आक्का वांगी चिरत सांगत गेल्या. लग्न होऊन आल्या त्याच वर्षी सासूने त्यांना कनातीत नेलं, पळीभर आमटी तळहातावर घेतली, चाटली आणि म्हणाली, असं. सासूलाही तिच्या सासूने तेच दाखवलं होतं. वासाची गोष्ट फक्त बाहेरच्यांना सांगायला होती. आक्कांच्या आवाजात लाज नव्हती. मी मात्र हिशोब करत बसले. इतकी वर्षं सगळी गल्ली उष्टा नैवेद्य दाखवत होती आणि प्रसाद म्हणून खात होती.

मी म्हटलं, पडसं झालंय म्हणून सांगा, आज दुसऱ्या कुणाला उभं करा.

"आन् मीठ कोण बघणार? तू?"

माझी आमटी माझ्या घरातलेच नाक मुरडून खातात. आक्कांपुढे दोनच वाटा होत्या. न चाखता मीठ टाकायचं आणि गल्लीचं जेवण बिघडवायचं, नाहीतर सगळ्यांदेखत चाखायचं आणि काहिलीपुढची जागा घालवायची.

दुपारी कनात उघडी होती. पेपरचा माणूस मोबाइल घेऊन उभा, अध्यक्ष नवी टोपी घालून त्याच्या शेजारी. पुजारी तुळशीचं पान घेऊन आलेले. आमटी रटरटत होती. आक्कांनी मीठ टाकलं, ढवळलं, वाफेवर तोंड नेलं. सगळे वाट बघत होते. मग त्यांनी पळी उचलली, तळहातावर आमटी ओतली आणि चाटली.

कुठंतरी एक वाटी खाली पडली. आक्कांनी अजून मूठभर मीठ टाकलं, पुन्हा चाखलं आणि पळी खाली ठेवली.

"दरसाल असंच करते," त्या म्हणाल्या. "माझी सासू बी करायची. आता बरोबर हाय."

पुजाऱ्यांनी पान काहिलीत टाकलं नाही. देवळात जाऊन साखरेचा नैवेद्य दाखवला. आमटी तशीच वाढली, प्रसाद म्हणून नाही, जेवण म्हणून. लोकांनी मान खाली घालून खाल्ली आणि परत मागितली. आक्का जेवल्या नाहीत, घरी गेल्या.

त्या संध्याकाळी मला दुसरा धक्का बसला. भाजी आणि हुग्गी करणाऱ्या तिघी एकेक करून माझ्याकडे आल्या. प्रत्येकीचं म्हणणं एकच, आम्हीपण चाखतो, पण लिहू नकोस. मी विचारलं, मघाशी तोंड का शिवलं होतं? एक म्हणाली, सून बघत होती. दुसरीने चपला घातल्या. तिसरीला घरी हुग्गी न्यायची होती, तिने माझ्याकडे उरलेली तेवढी डब्यात भरून घेतली.

व्हिडिओ पेपरने टाकलाच. समितीने पुढच्या वर्षी बाहेरचा आचारी ठरवला. त्याला ताकीद दिली, चाखायचं नाही. त्याने चाखलं नाही. आमटी अळणी झाली. आक्का त्या दिवशी पहिल्यांदा पंगतीत बसल्या होत्या, माझ्या शेजारी. पहिलाच घास घेऊन त्यांनी वाढप्याला हाक मारून मीठ मागितलं, पंगतीला ऐकू जाईल असं. मग सगळीच मागायला लागली. पुजाऱ्यांनीही बोटाने खूण करून मागितलं.

यंदा दत्तजयंती जवळ आली तसा अध्यक्ष आक्कांच्या दारात आला. मी तिथंच बसले होते. तो म्हणाला, झालं गेलं सोडा, परत या. कनात चारी बाजूंनी बंद ठेवू. आत तुम्ही काय करता ते कुणी विचारणार नाही.

मला वाटलं, झालं, आक्का आता पदर खोचून उठतील. त्या काहिलीसाठी गेली दोन वर्षं त्यांचा जीव कसा तुटत होता, ते मी बघितलं आहे.

"कनात काढा," आक्का म्हणाल्या. "मग येते."

अध्यक्षाने चहा अर्धा ठेवला. समितीला विचारून सांगतो म्हणाला. काल देवळापुढे मांडवाचं सामान उतरलं. मी जाऊन बघितलं. कनात आणली आहे.