लॉगमध्ये नसीमाचं नाव निघालं, माझं नाही

मित्रांनो, आज ऑफिसात जे झालं, ते इथे लिहितेय.

कळंबोलीच्या आमच्या ऑफिसात कोडिंग न येणारेही स्वतःपुरती छोटी ऑटोमेशन, म्हणजे आपोआप काम करणाऱ्या सोयी, बनवतात. कोण काय बनवतं, कुठे काय पाठवतं, त्याचे लॉग, म्हणजे नोंदी, तपासणं हे माझं काम. सकाळी साहेब म्हणाले, "कंपनीबाहेर कोणाचे मेल जातायत? नावं काढ."

एकच नाव निघालं, माझी मैत्रीण नसीमा. तिच्या अब्बांचं डायलिसिस चालू आहे. शिफ्ट बदलली की अब्बांना कोणी न्यायचं हे भावाला कळावं म्हणून ड्युटीचा तक्ता आपोआप त्याच्या मेलवर जायचा. त्यात सगळ्या स्टाफचे फोन नंबर होते.

हे करायला तिला मीच शिकवलं होतं.

केबिनमध्ये माझ्यासमोरच साहेबांनी तिला विचारलं, "कोणी सांगितलं तुला हे?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "कोणी नाही, सर. माझं मीच केलं."

तासाभरात तिचं आयकार्ड जमा झालं.

गेटवर म्हणाली, "दोघींची नोकरी गेली असती, काय फायदा?"

साहेबांना खरं सांगणारा मेल लिहून ठेवलाय. अजून पाठवलेला नाही. माझ्या जागी तुम्ही असतात, तर केबिनमध्ये बोलला असतात का?