नावाची ताटं

"मन मांगते का घर मांगते?"

कुणी नवीन वस्तू घ्यायची म्हटली, की मोठीमाय डोक्यावरचा पदर सारखा करत हे विचारायची आणि उत्तर येईपर्यंत समोरच्याच्या तोंडाकडे पाहत राहायची. तुमच्याही गल्लीत अशी एखादी बाई असेल. नसेल तर नुकसान तुमचं आहे.

नात्याने ती आमची कुणीच नव्हती. राळेगाव तालुक्यातल्या आमच्या वस्तीत लहानथोर सगळे तिला मोठीमायच म्हणायचे.

आमच्या घरात तेव्हा माणसं जास्त आणि ताटं कमी. आधी बाबा आणि भाऊ जेवायचे, मग तीच ताटं विसळून आम्ही बहिणी. आई भाकर हातावरच घ्यायची. बाकीच्या घरांतही हेच. वस्तीत लग्न निघालं की पळसाच्या पत्रावळी, नाही तर गावातून मागून आणलेली भांडी. ती देताना लोक आमच्याकडे कसे पाहायचे, ते इथे लिहीत नाही.

एका हंगामात कापूस वेचणीची मजुरी हातात पडली आणि मोठीमाय घरोघरी फिरली. "एका घराचं एक ताट. घर मांगते, मन नाही!" लग्नाच्या पंगतींसाठी ताटं जमली आणि वस्तीच्या बुद्धविहारात राहू लागली. प्रत्येकावर देणारीचं नाव कोरून घेतलं. पुढे मी कॉलेजात गेले, आमच्या घराण्यातली पहिली बी.ए. झाले. पण आमच्या घरातलं पहिलं कोरलेलं नाव माझं नाही, आईचं. त्या ताटावरचं. आईला ते वाचता येत नव्हतं, पण कोणतं ताट आपलं हे तिला बरोबर कळायचं.

मग कापसाने सगळ्यांना रडवलं ती वर्षं आली. घरात टंचाई वाढली तसा लग्नातला डौलही वाढला. गरीब दिसायला कुणालाच आवडत नाही, यात नवल काय? माझ्या चुलतभावाच्या लग्नात पहिल्यांदा थर्माकोलची ताटं आली.

"मन मांगते का घर मांगते रे?" मोठीमायने विचारलं.

"जमाना मांगते, मोठीमाय!" नवरदेव म्हणाला. ती स्वतःच खो-खो हसली आणि थर्माकोलच्या ताटातच जेवून गेली.

उष्ट्या पत्रावळी उकिरड्यावर टाकायची आमची जुनी रीत. त्याच सवयीने थर्माकोलही उकिरड्यावर गेलं. उन्हाळ्यात त्या उकिरड्याचं खत गाडीने आमच्या वावरात पडलं. वखर फिरला आणि काळ्या जमिनीवर जिकडेतिकडे पांढरे तुकडे वर आले. धुऱ्यावरून, बांधाच्या वाटेने जाणारा एकजण म्हणाला, "काहो, पेराच्या आंधीच कापूस फुटला?" बाबा हसले नाहीत. मोठीमाय मात्र खाली बसली आणि तुकडे ओटीत वेचू लागली.

त्याच आठवड्यात तरुणांनी ठरवलं, की ती जुनी ताटं भंगारात देऊन वस्तीसाठी मोठे स्पीकर घ्यायचे. विहारासमोर भंगारवाला काटा घेऊन आला. ताटांची चळत बाहेर आली. आईचं ताट वरच होतं. आई पदराचं टोक तोंडात धरून उभी होती.

मोठीमाय आली. काट्यात तिने आपली ओटी रिकामी केली.

"ह्याचे काय देशीन, बाबू?"

"हे कोणी घेत नाही, बाई."

"तू तं खिळे घेतं, फुटक्या बादल्या घेतं."

"घेतो. पण हे कायले घेऊ? ह्याचं पुढं काहीच होत नाही."

मोठीमाय आमच्याकडे वळली. "आयकलं? भंगारवाला जे घेत नाही, ते आपल्या वावरानं काहून घ्यावं?"

आईच बोलली, आणि तेही मोठीमायच्या विरोधात. "तुमचं खरं हाय, मोठीमाय. पण लग्नाची भांडी घासू घासू बायांच्या कमरा मोडल्या. थर्माकोल आलं तं आमाले सुटल्यावानी झालं."

हे मोठीमायच्या ध्यानात आलंच नव्हतं. पदर सारखा करून ती म्हणाली, "बरोबर हाय, पोरी. मंग ज्याच्या घरचं लग्न, त्याच्या घरचे पोट्टे घासतीन."

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. बायाच आधी हसल्या. माझ्या चुलतभावाने मान खाली घालून वरचं ताट उचललं, पुसलं आणि आईच्या हातात दिलं. भंगारवाला काटा गुंडाळून निघून गेला.

मोठीमाय गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. तिच्या पुण्यानुमोदनाला अख्खी वस्ती जेवली. मागच्या अंगणात चुलतभाऊ आणि त्याचे सोबती पँटी गुडघ्यापर्यंत दुमडून राखेने ताटं घासत होते. आई जवळ खुर्ची टाकून बसली होती. "किनार पाय, किनार. तेल राह्यलं," ती सांगत होती.

आमच्या वस्तीत आज एकाही पंगतीत थर्माकोल नसतं. ताटं घरचे पुरुष घासतात. आणि आमच्या वावरात पांढरा दिसतो तो फक्त कापूस.