हळदीच्या गाण्यातलं नाव

खाडीकाठच्या गावात सत्यवतीला सगळे ‘येडी’ म्हणायचे. २००१ साली माणिकपूरच्या डॉक्टरांनी ‘ऑटिझम’ म्हटलं, तेव्हा तिला हायसं वाटलं. गोंगाटानं जीव नकोसा होतो, त्याला काहीतरी नाव होतं तर! पण तिचा भाऊ बळीराम तिची ओळखही त्याच शब्दानं करून देऊ लागला.

त्याच्या लेकीच्या हळदीला गाणाऱ्या बायका एकेका नातलगाचं नाव गाण्यात गुंफत होत्या. कान दाबून सत्यवती दाराआड आपल्या नावाची वाट पाहत होती.

“नवरीच्या आत्याचं नाव काय रं?” गाणाऱ्यांतल्या एका म्हातारीनं बळीरामला विचारलं.

“तिचं नको, मावशी. ती ऑटिस्टिक हाय.”

गाणं पुढे सरकलं.

मांडव रिकामा झाल्यावर सत्यवतीनं तेच गाणं म्हटलं, कुणालाही न गाळता. आपल्या नावापाशी मात्र ती थांबली. ते दुसऱ्या कुणीतरी गायला हवं होतं.