गुडाखूला कोण तंबाखू म्हणतं?

नवेगाव बांधची कुंदाबाई कापगते फटकळ बाई, पण खोटं बोलायची नाही. म्हणून तर तिची चूक जिवाला जास्त लागते.

तिचा थोरला मोहित ऐन उमेदीत गेला. हाडांच्या मज्जेत रक्तच बनेना. दोष घराण्यातून आलेला, असं डॉक्टरांनी सांगितलं. अशा घरांत पुढे कॅन्सर कुणाला होतो, याचा अभ्यास करणाऱ्या नागपूरच्या डॉक्टर आचल मग गावात यायला लागल्या. त्यांनी धाकट्या रीताचं रक्त तपासलं. पोर धडधाकट, धानाच्या रोवणीत सगळ्यांच्या पुढे. पण तोच दोष तिच्यातही निघाला. कुंदाबाईच्या पायाखालची जमीनच सरकली.

"अशांना तोंडाचा कॅन्सर लवकर होऊ शकतो. घरात तंबाखू, खर्रा कोण खातं?" आचलनी विचारलं.

"आमच्या घरी? नाव नोका घेऊ, म्याडम!" कुंदाबाई ठसक्यात म्हणाली. नवऱ्याचा खर्रा तिनं भांडून भांडून सोडवला होता. दर खेपेला हाच प्रश्न आणि हेच उत्तर.

एकदा आचल सकाळीच आल्या. मायलेकी अंगणात बसून दातांवर काळं काहीतरी बोटानं घासत होत्या.

"हे काय?"

"गुडाखू. मंजन होय ना! सारा गाव घासते."

आचलनी डबी हातात घेतली. "मावशी, यात तंबाखूच असते."

"काहीतरीच!" कुंदाबाई हसली, आणि हसता हसताच तिचा चेहरा उतरला. मोहितच्या हिरड्यांतून रक्त यायचं, तेव्हा दात घट्ट व्हावे म्हणून तिनंच रोज गुडाखू चोळली होती. रीताला तर लहानपणापासूनची सवय.

"मंग माह्या पोराले मीनंच मारलं का?"

"नाही. मोहित मज्जेच्या आजारानंच गेला," आचल ठाम बोलल्या. "रीता, तोंड उघड."

जिभेच्या कडेला पांढरा डाग होता. नागपूरला नेऊन तो काढला. कॅन्सर अजून झाला नव्हता, देवाची कृपा! पण तपासणी आता जन्मभराची, आणि गुडाखू कायमची बंद.

बंद म्हणणं सोपं आहे हो. घरी आल्यावर रीताचं डोकं ठणकायला लागलं, कशात जीव लागेना. एका सकाळी ती आईच्या मागेच लागली. "बोटभर दे व, माय. आजच्या दिवस."

कुंदाबाईनंही लेकीबरोबरच गुडाखू सोडली होती.

"मलेही पायजे व," ती रडत म्हणाली. "मले तं तुह्याहून जास्त पायजे."

मग लेकीला पोटाशी घट्ट धरून ती अंगणात तशीच बसून राहिली.