मामांची बिनदुधाची बेगमी

आमच्या मामांनी दूध सोडलं, तेव्हा ते गावच्या दूध डेअरीचे चेअरमन होते. सोडलं म्हणजे प्यायचं सोडलं, विकायचं सोडलं आणि घराच्या उंबऱ्याच्या आत येऊ द्यायचंही सोडलं. दुधाच्या मागोमाग दही, ताक, लोणी, तूप गेलं. मटण, अंडी आणि मध हे एका दुपारीच निकालात निघाले. चेअरमनपद मात्र त्यांनी सोडलं नाही. "मला निवडून दिलंय. दूध सोडल्यावर खुर्ची सोडायची, असं कुठल्या कायद्यात हाय?" असं ते विचारायचे, आणि तसा कायदा कुणालाच दाखवता आला नाही. पुढच्या वार्षिक सभेत त्यांनी अध्यक्षीय भाषणात सभासदांना दूध कमी काढण्याची कळकळीची विनंती केली. सभासदांनी टाळ्या वाजवल्या, कारण अध्यक्षांचं भाषण ऐकण्याची तिथं पद्धतच नव्हती.

मामा पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले होते. उंब्रजपासून थोडं आत त्यांचं गाव. थोडा ऊस, एक म्हैस, मामी, आणि लग्नाला आलेली मुलगी शालन एवढा त्यांचा संसार. मी सांगलीत विश्रामबागला नोकरीनिमित्त राहात होतो. ही नव्वद सालानंतरची गोष्ट. त्या वेळी त्या भागात दारात म्हैस नसलेलं घर शोधावं लागायचं, आणि दूध नको म्हणणारा माणूस एकतर आजारी असायचा नाहीतर रुसलेला. मामांची तब्येत ठणठणीत होती. त्यामुळे ते कुणावर रुसलेत, याचा गाव बरेच दिवस शोध घेत होता.

ते रुसले होते ते स्वतःवरच. त्यांच्या म्हशीला रेडकू झालं होतं. मादी, म्हणजे पारडी, झाली असती तर घरानं कौतुक केलं असतं. रेडकाचं कोण करतो? त्याच्या वाटणीचं दूध डेअरीला गेलं आणि दसऱ्याच्या सुमाराला रेडकू मेलं. म्हैस पान्हा सोडेना. मग गड्यानं नेहमीचा उपाय केला. मेलेल्या रेडकाच्या कातड्यात पेंढा भरला, शिवलं आणि म्हशीपुढं उभं केलं. म्हैस ते चाटत राहिली आणि दूध देत राहिली. मामांनी हे आयुष्यात अनेक गोठ्यांत पाहिलं होतं. त्या दिवशी का कोण जाणे, धार काढता काढता त्यांनी चरवी खाली ठेवली आणि गोठ्यातून बाहेर आले. मामीला म्हणाले, "पलटणीत आमाला दुश्मनाला फसवायचं शिकवलं. घरच्या म्हशीला फसवून च्या प्यायचं कुणी शिकवलं न्हवतं." मामी म्हणाली, "व्हय. मग आज च्या कशाचा करू?"

हा प्रश्न पुढं बरीच वर्षं त्या घरात टिकला.

उन्हाळ्यात वर्षाची बेगमी भरायला मामा सांगलीला आले आणि आमच्याकडे उतरले. घरात जनावराचं काही नको, तेव्हा कोठारच असं भरायचं की कशावाचून अडता कामा नये, असा त्यांचा बेत होता. पलटणीत रसद तुटली की काय होतं, हे त्यांना माहीत होतं. ज्वारी घरची होती. बाकी हुलगे, मटकी, चवळी, तूरडाळ, तीळ, कारळं, जवस, सुकं खोबरं, चिंच, आमसूल, हळद, गूळ आणि शेंगतेल अशी खरेदी ठरली. आता ही यादी वाचणाऱ्याच्या लक्षात येईल की आमच्या भागातल्या कुठल्याही घराचं कोठार असंच असतं. माझ्या लक्षात ते तिथंच आलं. मी तसं म्हणालो, तर मामा म्हणाले, "तुमचं कोठार सवयीनं भरलेलं असतंय, भाच्या. माझं इचारानं."

विचार फार होता. मार्केट यार्डातल्या हळदवाल्याला त्यांनी विचारलं, "ही उकडताना वर काय लावलं हुतं? शेण तर न्हवं?" त्यानं आधी हळद चोख असल्याची शपथ घेतली आणि नंतर दुसरं गिऱ्हाईक बघायला लागला. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडून मामांनी बिस्किटांच्या पुड्यांवरची बारीक अक्षरं मोठ्यानं वाचून घेतली. प्रत्येक पुड्यात दुधाची पूड निघाली. शेवटी दुकानदार वैतागून म्हणाला, "मामा, मीठ घ्या. त्यात काय नाही." मामांनी मीठ घेतलं.

शेंगदाणे किती घ्यावेत, याचा हिशेब त्यांनी माझ्याकडून मांडून घेतला. तीन माणसं, रोजचं कूट, चटणी, आणि वर चहापुरतं शेंगदाण्याचं दूध. हात सैल सोडून धरलं तरी एक पोतं पुरून उरत होतं. मामांनी तीन घेतली. "शालीला बघायला पाव्हणं येतील," म्हणाले. "कुणाला कमी पडाय नको." जाताना ते आमचा मिक्सरही घेऊन गेले. शेंगदाणे भिजवायचे, वाटायचे, फडक्यातून गाळायचे, की झालं दूध. त्या दुधाचा चहा मी प्यायलो आहे. आमटी उकळताना तिच्यात चुकून चहाची पूड पडावी, तशी काहीशी चव होती. मामा कप हातात देऊन तोंडाकडे बघत उभे राहायचे, त्यामुळे तो अर्धा टाकता यायचा नाही.

मामी भांडणारी बाई नव्हती, पण मुद्द्याची पक्की होती. बेगमी घरात येऊन पडली, तेव्हा तिनं ज्वारीच्या कणगीकडे बोट दाखवलं. "आवं, ही शेणानं सारवलीया. भुई शेणाची, आंगण शेणाचं. शेण म्हशीचंच न्हवं? का सगळं उकरून टाकू?" मामा उठून शेतावर गेले. संध्याकाळी परत आल्यावर त्यांनी निकाल दिला, "शेण म्हस आपणहून टाकती. त्यासाठी तिला फसवावं लागत न्हाई. कणगी ऱ्हाऊ दे." मामी म्हणाली, "ऱ्हाऊ दे तर ऱ्हाऊ दे. मी म्हणलं यंदा जोंधळा आभाळात टांगताय का काय."

मामीनं स्वतःपुरती सोय केली होती. तिची तुपाची बरणी शेजारच्या घरात असायची आणि सणाला ती पुरणपोळी पदराखाली घेऊन शेजारी जाऊन खायची. सगळ्या आळीला हे माहीत होतं. मी एकदा मामांना हळूच सुचवून बघितलं. ते म्हणाले, "मला ठावं हाय. मी घराला कुलूप लावलंय. तिच्या तोंडाला न्हाई."

गावाला हे सगळं चेष्टेला बरं होतं, पण शालनच्या लग्नाच्या आड यायला लागलं. एका ठिकाणचं जवळजवळ जमलेलं स्थळ 'त्या घरातली पोरगी आमच्यात ताकाला शिवायची न्हाई' म्हणून मोडलं. शालन बारावी झालेली, कामाला वाघीण, घरात दूध आलं असतं तर सगळ्यांआधी प्यायली असती. पण ते सांगायचं कुणाला? त्यानंतर फलटणकडचं स्थळ आलं. बागायत, दावणीला सहा म्हशी, मुलगा एकुलता. मामी म्हणाली, "ह्ये मोडलं तर मी माहेराला जाईन." मामा म्हणाले, "मोडतंय कशाला?" आणि शेंगदाणे भिजत घातले.

मी त्या दिवशी मामांकडेच होतो. पाहुणे सकाळी यायचे ते भर दुपारी आले. वैशाखातलं ऊन. पहाटे काढलेलं शेंगदाण्याचं दूध तोवर आंबलं होतं. चहात घातल्यावर ते असं फाटलं की शालननं पातेलं परसात ओतलं. दुसरं दूध काढावं तर वीज गेलेली. शेजारून दूध आणावं तर वाट बैठकीवरून, आणि बैठकीत मामा. शेवटी मामीनं घाबरून कोरा चहा गाळला आणि शालनच्या हातात ट्रे दिला.

आमच्याकडे कोरा चहा एकाच वेळी देतात. घरात कुणी गेलं की त्या घरची चूल पेटत नाही. शेजारणी कोरा चहा करून आणतात आणि भेटायला आलेली माणसं तो गप्प बसून घेतात. शालननं ट्रे पुढं केला आणि उसाच्या दरावर चाललेलं बोलणं जागच्या जागी थांबलं. मुलाच्या वडिलांनी कपाकडे बघितलं, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि आवाज खाली आणून म्हणाले, "आमाला कळवायचं तरी. असं आलोच नसतो. कोण गेलं?"

काहीतरी लांबचं नातं सांगावं म्हणून मी तोंड उघडलं. मामा माझ्या आधी बोलले.

"रेडकू."

"कुणाचं?"

"आमच्या म्हशीचं. दसऱ्याच्या तोंडाला गेलं."

पाहुण्यांनी मनाशी महिने मोजले असावेत. "आन् च्या आत्ता?"

मग मामांनी त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं. पेंढाही वगळला नाही. पाहुण्यांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं, टोपी परत डोक्यावर ठेवली आणि उठले. "हवालदार, आमी माणसात सोयरीक कराय आलतो," म्हणाले. सगळे निघाले. नवरा मुलगा तेवढा मागं रेंगाळला, कारण त्याला कप संपवायचा होता. तो शालनकडे बघत संपवायचा असल्यामुळे वेळ लागत होता.

ते गेल्यावर मामी भिंतीला टेकून बसली. "म्हशीच्या पोराचं सुतक धरलं आन् आपली पोर घरात बसवली." शालन कप गोळा करत होती. ती म्हणाली, "आबा, तुमी खोटं बोलला न्हाईसा, ते चांगलं झालं. पन एवढं खरं बोलाय तुमाला कुणी सांगितलं हुतं?" मामा त्या दिवशी जेवले नाहीत. चेअरमनपदाचा राजीनामा त्यांनी त्याच आठवड्यात दिला. लोकांनी तो लगेच मंजूर केला आणि मामांच्या प्रदीर्घ सेवेबद्दल सर्वांना पेढे वाटले.

पुढं फलटणहून निरोप आला. मुलगा त्याच मुलीवर अडून बसला होता आणि पाहुणे पुन्हा यायला तयार होते, थेट देण्याघेण्याच्या बैठकीलाच. मामा मामीला म्हणाले, "दूध आण. दारातनंच आण, पदराखालनं नको." त्या दिवशी घरात दुधाचा चहा झाला. मामा त्याच बैठकीत बसून राहिले, कपाला न शिवता.

पाहुणे या वेळी मोकळेपणानं बोलले. हुंडा नको, मानपान नको. फक्त आंदण म्हणून दारातली म्हैस द्यावी. म्हैस तेव्हा पाच महिन्यांची गाभण होती. "तुमी दूध खाईत न्हाईसा," पाहुणे म्हणाले. "मग तिला नुसती कशाला पोसताय? आमच्यात सहा हाईत. सातवी हुईल." यात चूक काढायला जागा नव्हती. मी हिशेबानं विचार केला, तरी मला काही सापडली नाही. मामी मामांकडे बघत होती, मी चटईकडे. म्हैस दिली नाही तर लग्न मोडत होतं. दिली तर पेंढा भरणाऱ्या आणखी एका गोठ्यात जात होती. मामांचं तोंड इतकं उतरलेलं मी कधी बघितलं नव्हतं.

आतल्या दारातून शालन म्हणाली, "आबा, द्या म्हस. मी हाय न्हवं तिच्यासंगट."

बैठकीत मुलीनं बोलायची रीत नव्हती. पाहुण्यांच्या भुवया वर गेल्या. मामांनी वळून तिच्याकडे बघितलं. मग म्हणाले, "दिली. पन एक अट हाय. रेडकू हू दे न्हाईतर पारडी, कासंचं दोन सड त्याच्या वाटणीचं. उरल्यालं दोन तुमचं."

पाहुणे खो खो हसले. "आवं हवालदार, पोरगी देताना काय अट घातली न्हाई, आन् म्हशीला अट?"

"पोरीला तोंड हाय," मामा म्हणाले. "म्हशीला न्हाई."

हसतच पाहुण्यांनी कबूल केलं. हसत कबूल केलेल्या गोष्टी बैठकीतून उठल्यावर विसरायच्या असतात, हे तिथल्या सगळ्यांना माहीत होतं. मामांना सोडून.

लग्न झालं. टेम्पोत म्हैस चढवली आणि तिच्या बाजूला मामांनी आपली अर्धी बेगमी रचली. शेंगदाण्याचं एक अख्खं पोतं, हुलगे, कारळं, चिंच, गूळ. सहा म्हशींच्या घरात कारळ्याचं काय करायचं, असं कुणीतरी विचारलं. "चटणी," मामा म्हणाले. पाठवणीला ते रडले नाहीत. टेम्पोच्या फळीला दोरी नीट बांधली आहे का, हे परत परत बघत राहिले, आणि टेम्पो गेल्यावरही रस्त्यावर उभे होते.

मामा आता नाहीत. त्यांचा विषय निघाला की नातेवाईक अजूनही कोऱ्या चहाची गोष्ट सांगतात आणि दर वेळी तिच्यात पाहुणे वाढवतात. मला फलटणची एक दुपार आठवते.

त्या वर्षी दिवाळीला शालनला आणायला मी मामांबरोबर गेलो होतो. त्यांना तिची धास्ती होती. एकटी पोर, मोठं घर, आणि बापाच्या हट्टाची आधीच चेष्टा झालेली. सासरी कुणाला मान वर करून बोलत असेल का, की पहिल्याच आठवड्यात गप्प बसायला शिकली असेल, एवढंच त्यांनी मला साताऱ्याच्या स्टँडवर एकदा विचारलं होतं. मला काय माहीत असणार?

आम्ही ओसरीवर बसतो न बसतो तोच व्याह्यांनी तक्रार सुरू केली. म्हैस व्याली होती, आणि रेडकूच झालं होतं. "तुमची पोरगी, हवालदार, आमच्या आधी उठून गोठ्यात बसती. दोन सड त्याला पाजल्याबिगर चरवीला हात लावू देत न्हाई. तिच्या सासूनं एकदा दटावलं, तर म्हणाली, बैठकीत कबूल केलंय, मामंजींनाच इचारा. आता मी काय सांगू? पोरगा तिच्या बाजूचा. पलीकडच्या म्हशीच्या रेडकालाबी परवापासनं सोडाय लागलीया. आमचं दूध किती उतरलं, डेअरीत जाऊन इचारा!"

शालन पाणी घेऊन बाहेर आली. वडिलांच्या हातात तांब्या देऊन, सासऱ्यांकडे न बघता, चांगली खणखणीत म्हणाली, "मामंजी, आन् त्ये रेडकू केवढं झालंय, ते न्हाई सांगितलंसा?"

मामांनी तांब्या तोंडाला लावला. सावकाश सगळं पाणी प्यायले, मिशा पुसल्या आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "पोरगी बरी हाय रं."